माशोझीने कुत्रं का पाळलं

माशोझीला कुत्री अजिबात आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण डर्बनच्या टाकीच्या बागेत आज जो तो तिला 'कुत्रेवाली आजी' म्हणतो, आणि लोकांचा समज असा की बाईला मुक्या जनावरांचा भारी लळा. लळा कसला डोंबलाचा. कुत्र्याचं तोंड हाताला लागलं तर साबणाने दोनदा हात धुतल्याशिवाय ती भांड्याला शिवत नाही.

नाव तिचं बाजाबुलिले. पण लग्न होऊन म्खिझेंच्या घरात आली तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी माहेरच्या कुळाचं नाव, माशोझी, म्हणजे शोझींची लेक. सारा जन्म तिने सरकारी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काढला. ओल्या चादरींची गाठोडी उचलून दंड असे झाले होते की कुणी बाजारात धक्का मारायच्या आधी दोनदा विचार करावा. आणि स्वभाव म्हणाल तर दंडापेक्षा घट्ट. एकदा शेअर-टॅक्सीवाल्याने तिचा थांबा चुकवून गाडी पुढे नेली. "पुढे उतरा आणि चालत मागे जा," म्हणाला. ही उतरलीच नाही. टॅक्सी शेवटच्या थांब्याला गेली, रिकामी झाली, पुन्हा भरली, आणि परतीच्या वाटेवर तिच्या थांब्याला आली तेव्हा ही उतरली. वर त्याला म्हणाली, "बघ, जमलं की नाही?"

नवरा नेमका उलटा. म्खिझे बंदरावर क्रेन चालवायचा. उंच, हसरा, गप्पांचा अड्डा. रविवारी बिल्डिंगच्या जिन्यात बसला की खालचे-वरचे सगळे पुरुष तिथे गोळा. निवृत्त झाला आणि वर्षभरात लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि जीभ गेली. डोकं मात्र होतं तसं लख्ख. ऐकायचं सगळं, कळायचं सगळं, तोंडातून निघायचे मोजके शब्द. 'हो', 'नको', 'माशोझी', आणि एक शिवी. शिवी तेवढी खणखणीत यायची, एक अक्षर न अडखळता. दवाखान्यातली फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, असं होतं पुष्कळांचं. माशोझी म्हणाली, "देवाने ठेवलं काय, तर हे."

त्याच मुलीने सांगितलं होतं की बाबांना रोज चालवा. वॉकर घेऊन, सपाटीवर. चालले तर चालते राहतील, बसले तर पाय आखडतील, आणि एकदा आखडले की मग परत नाही. आता आमच्या डर्बनच्या या टेकडीवर सपाट जागा म्हणजे टाकीची बाग. जमिनीखाली जुनी पाण्याची टाकी, वर हिरवळ, भोवती फरशीची गोल वाट. म्खिझेंचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट बागेच्या तोंडावरच. बाकी सगळा चढ नाहीतर उतार. म्हणून रोज सकाळी ती त्याला जिन्यावरून पायरी पायरी उतरवायची आणि तो वॉकर ढकलत गोल फिरायचा. आधी एका बाकापर्यंत, मग दुसऱ्या, मग अर्धी बाग. तिला वाटायला लागलं होतं की नाताळपर्यंत पूर्ण फेरी होईल.

सकाळच्या त्या वेळी बाग कुत्रेवाल्यांची असायची. फाटकावर मोठा बोर्ड, कुत्रा पट्ट्याला बांधूनच आणावा. त्या बोर्डाखालीच पट्टे सोडायचे. क्राउदर नावाचे एक निवृत्त गोरे गृहस्थ त्यांच्यातले म्होरके. माणूस गोड बोलणारा, सगळ्यांना हात करणारा. त्यांचा ड्यूक हा तांबडा कुत्रा चांगला वासराएवढा. क्राउदरांचा गुडघा दुखायचा म्हणून ड्यूकला घरून आणायचं काम झोंडीकडे. झोंडी हा आमच्यातलाच, झुलू, निळ्या डांगरीतला मध्यमवयीन माणूस. चार-पाच बंगल्यांतली कुत्री फिरवून पोट भरायचा. झोंडी कुत्र्यांचा घोळका घेऊन पुढे, क्राउदर कॉफीचा थर्मास घेऊन मागे. फाटकाशी आले की क्राउदर बोट वर करायचे, झोंडी ड्यूकचा पट्टा काढायचा.

त्या दिवशीही त्यांनी बोट वर केलं. ड्यूक सुटला तो सरळ वाटेवरून. म्खिझे तेव्हा दुसऱ्या बाकाच्या पुढे गेलेला. कुत्र्याने दोन्ही पंजे त्याच्या छातीवर टेकले आणि वॉकर एकीकडे, माणूस एकीकडे. ड्यूक त्याच्या अंगावर उभा राहून तोंड चाटत होता. म्खिझेला ओरडताही येईना. ती शिवीसुद्धा आली नाही.

माशोझीने कुत्र्याच्या पेकाटात लाथ घातली तेव्हा ते बाजूला झालं. क्राउदर लंगडत आले. म्हणाले, "काही करत नाही हो तो. खेळतोय फक्त. उलट तुमचे मिस्टर त्याला आवडलेले दिसतात."

"बांधा त्याला," माशोझी म्हणाली.

"अहो, चावणाऱ्यातला नाहीच तो."

माशोझीचं लक्ष तोवर नवऱ्याकडे गेलं होतं. त्याची पँट ओली झाली होती. म्खिझे तिच्याकडे बघत होता, आणि ती नजर लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने कधी पाहिली नव्हती. तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि सगळं पाणी त्याच्या मांडीवर ओतलं. मग मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, बाटली सांडली की माझ्या हातून." क्राउदरांनी हातरुमाल पुढे केला. झोंडीने मात्र आधीच मान फिरवली होती. त्याने पाहिलं होतं. म्खिझेने त्याची फिरवलेली मान पाहिली.

त्या दिवसापासून म्खिझे खाली उतरला नाही. "नको." बस्स. सकाळी ती त्याचे बूट पुढे ठेवायची, "नको." गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, मुलीला, पाकामिलेला, जोहान्सबर्गहून फोन करायला लावला. "नको." तो गॅलरीच्या दारामागे खुर्ची ओढून बसायचा आणि पडद्याच्या फटीतून बागेकडे बघायचा. पुढच्या वेळी दवाखान्यातल्या मुलीने त्याचा पाय वाकवून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. बाहेर येऊन माशोझीला म्हणाली, "आजी, हिवाळा संपायच्या आत चालायला लागले नाहीत तर मग खाटेवरच."

माशोझी पेटली. आधी बागेच्या वॉचमनकडे गेली. तो म्हणाला, "आई, बोर्ड लावायचं काम नगरपालिकेचं, फाटक उघडायचं माझं. वाचायचं काम कुणाचं ते मला कुणी सांगितलेलं नाही." नगरपालिकेत गेली. तिथल्या बाईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "चावलं का? नाही ना? मग?" क्राउदरांना गाठलं. ते म्हणाले, इथे वर्षानुवर्षं असंच चालत आलंय, आणि तुम्ही थोड्या उशिरा का येत नाही? उशिरा येऊन काय करणार, नऊनंतर ती फरशी तव्यासारखी तापते. हे त्यांना सांगेपर्यंत ते कुणाला तरी हात करून पुढे गेलेसुद्धा.

असे दिवस जात होते आणि मध्येच गावाकडे, म्सिंगाला, तिची मावशी वारली. माशोझी अंत्यविधीला गेली. सगळं उरकल्यावर बायका बसल्या होत्या, आणि अंगणात बहिणीचं एक पिवळट, बरगड्या मोजाव्यात असं कुत्रं घुटमळत होतं. बहिणीने त्याला हाक मारली, "थकतील-बोलून, चल नीघ इथून." शेजारची वहिनी मान खाली घालून गप चहा पीत राहिली.

मराठी माणूस लेकीला बोलतो आणि सुनेला लावतो. आमच्याकडे कुत्र्याला बोलतात आणि शेजाऱ्याला लावतात. शेजारणीशी बिनसलं तर तिच्या दारात जाऊन भांडायचं नाही, तो हलकटपणा. कुत्रं आणायचं आणि मनातली गोष्ट त्याच्या नावात घालायची. मग रोज सकाळ-संध्याकाळ शेजारणीच्या कानावर जाईल अशी हाक. नाव ज्याने ठेवलं, पहिली हाक त्यानेच मारायची, आणि ज्याला ऐकवायची त्याच्या तोंडावर. शेजारीण शहाणी असली तर तीही कुत्रं आणते आणि नावातूनच उत्तर देते. माशोझीच्या आईचं आणि शेजारच्या काकूचं असं तीन कुत्र्यांभर भांडण चाललं, आणि दोघी रोज एकाच ओढ्यावर पाणी भरत एकमेकींची ख्यालीखुशाली विचारायच्या. शब्दाने शब्द वाढला नाही, काठी कुणी उचलली नाही.

माशोझीच्या डोक्यात उजेड पडला. येताना तिने बहिणीकडून त्याच पिवळ्या कुत्रीचं एक पिल्लू मागून घेतलं.

बहीण म्हणाली, "तू? कुत्रं? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"डोकं आहे म्हणूनच नेतेय," माशोझी म्हणाली.

घरी आल्यावर तिने पिल्लू म्खिझेसमोर धरलं. म्हणाली, "पाकामिलेचे बाबा, याचं नाव यिबोफेनी." म्हणजे 'बांधून ठेवा'. या गोष्टीत आपण बांधूनठेवाच म्हणू, म्हणजे ते नाव तुमच्याही कानाला लागायला हवं तसं लागेल. म्खिझेने पिल्लाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग त्याचं अर्धं तोंड हललं आणि आतून एक आवाज आला. तो हसत होता. पडल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिला वाटलं की आता अर्धी लढाई जिंकली.

कसली जिंकली. दुसऱ्या सकाळी ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. पिल्लाच्या गळ्यात कपडे वाळत घालायची दोरी. क्राउदर आले, बोट वर झालं, ड्यूक सुटला. माशोझीने धुलाईखान्याच्या मशीनवरून ऐकू जाणारा तो आवाज काढला आणि हाक मारली, "बांधूनठेवा! ए बांधूनठेवा!"

कुत्रेवाले सगळे वळले. चेहरे फुलले. एक बाई धावत आली, "किती गोड आहे हो. नाव काय म्हणालात?" अर्थ न कळताच तिने नाव म्हणून पाहिलं, क्राउदरांनी म्हणून पाहिलं. आठवडाभरात अर्धी बाग पिल्लाला बिस्किटं दाखवत 'बांधूनठेवा, बांधूनठेवा' करत मागे लागली, आणि त्यांची स्वतःची कुत्री मोकाट. माशोझी घरी येऊन मटकन खाली बसली. म्हणाली, "दगडावर डोकं आपटतेय मी. यांच्या आयांनी यांना काहीच कसं शिकवलं नाही?"

चूक तिचीच होती. टोमणा कळायला ऐकणाऱ्याकडे तसा कान लागतो. आणि त्या बागेत तसा कान एकाच माणसाकडे होता.

झोंडी. पहिल्याच हाकेला तो जागच्या जागी थबकला होता. रोज 'बऱ्या आहात ना, आई' म्हणणारा माणूस त्या दिवसापासून बोलेनासा झाला. त्याला वाटलं, ही आपल्यातलीच बाई आपल्यालाच चारचौघांत ऐकवतेय. आणि खोटं तरी काय होतं? पट्टा त्याच्याच हातांनी सुटत होता. काही दिवस तो मान खाली घालून गेला. मग एका सकाळी बागेच्या मधोमध उभं राहून त्याने घोळक्यातल्या एका काळ्या कुत्र्याला हाक मारली. मालकाने त्या कुत्र्याचं नाव ऑस्कर ठेवलेलं. झोंडीने हाक मारली, "न्गिथुनीवे! चल, न्गिथुनीवे!" म्हणजे 'मला-पाठवलंय'. आवाज माशोझीच्या बाजूला नव्हताच. तोंड होतं वरच्या गॅलरीकडे.

मग तो माशोझीजवळून जाताना म्हणाला, "बऱ्या आहात ना, आई?"

"बरी आहे. तुम्ही?"

"आहे आपला."

एवढंच. रीत ती रीत.

माशोझी धुमसतच जिना चढली. वर आल्या आल्या नवऱ्यापुढे सुरू झाली, "ऐकलंत ना? पाठवलंय म्हणे. बरं पाठवलंय. पाठवला म्हणून काय हात बांधले होते याचे? मालकाने उद्या विहिरीत ढकल म्हटलं तर ढकलेल का हा?"

म्खिझेने चांगल्या हाताने टेबलावर थाप मारली. चहा सांडला. "मी," तो म्हणाला. मग बराच वेळ काही आलं नाही. तोंड वाकडंतिकडं झालं, कपाळावर घाम आला. "मी... पण," म्खिझे म्हणाला. "पाठव... पाठवलं."

तिला आधी कळेना. मग कळलं. बंदरावर लागायच्या आधी, ऐन तरुणपणात, म्खिझे सरकारी ट्रकवर होता. तो काळच वेगळा. लोकांच्या पत्र्याच्या झोपड्या पाडायच्या आणि पत्रे ट्रकात भरायचे, हे काम. गोरा साहेब खाली उभा राहून बोट दाखवायचा. किती दिवस होता, कुणाच्या झोपड्या पाडल्या, याबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नव्हता, आणि तिनेही विचारलं नव्हतं. ती कपडा घेऊन टेबल पुसायला लागली. तिचा झोंडीवरचा राग कुठे गेला ते तिलाच कळलं नाही. क्राउदरांवरचा मात्र दुप्पट झाला.

तेव्हा पुढच्या सकाळी ती थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. योगायोग असा की त्यांनीच विचारलं, "बाई, मी रोज विचारीन विचारीन म्हणतो. या तुमच्या पिल्लाच्या नावाचा अर्थ काय हो?"

आता, नावाचा अर्थ सांगायचा नसतो. सांगितला की ते उघड भांडण होतं, मग परत फिरता येत नाही. झोंडी लांबून बघत होता. माशोझीने एकदा गॅलरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "याचा अर्थ, तुमचा कुत्रा बांधून ठेवा."

क्राउदर हसले. मग हसू विरलं. "म्हणजे इतके दिवस तुम्ही..."

"इतके दिवस मी तुम्हालाच सांगतेय."

"अहो, मग सरळ बोलायचं होतं ना माझ्याशी. मी काय राक्षस आहे?"

"सरळच बोलले होते. माझा माणूस जमिनीवर पडला होता तेव्हा. तुम्ही म्हणालात, खेळतोय."

क्राउदर कानापर्यंत लाल झाले. बागेच्या कमिटीशी बोलतो म्हणाले आणि ड्यूकला शीळ घालून निघून गेले. कमिटीशी बोललेही. दोन दिवसांनी वॉचमनच माशोझीकडे आला. मान खाजवत म्हणाला, "आई, तक्रार आलीय. तुम्ही ओरडता, त्याने त्यांची कुत्री बिथरतात म्हणे."

"कुत्र्याला नावाने हाक मारू नये, असा बोर्ड कुठे आहे?"

"नाही बा असा."

"मग लागला की सांग. मी वाचणाऱ्यांतली आहे."

आणि ती रोज जात राहिली. सर्दीने नाक वाहत होतं तेव्हाही गेली. बिस्किटं दाखवणारे आता बिस्किटं दाखवेनासे झाले. ती आली की हिरवळीवरचे लोक पाठ करायचे. 'किती गोड' म्हणत धावत आलेल्या त्या बाईने तर एकदा तोंडावर सांगितलं की तुम्ही बागेतलं वातावरण बिघडवलंत. माशोझी म्हणाली, "हो, बिघडवलं." एक-दोघांनी मात्र आपली कुत्री मुकाट्याने पट्ट्याला लावली. ड्यूक सुटतच होता. आणि हिवाळा उतरणीला लागला होता. रात्री नवऱ्याचे पाय चोळताना तिला त्यांतला ताठरपणा हाताला लागायचा, आणि आपण हरतोय हे तिला कळत होतं. कुत्रा बांधला गेला तरी हा माणूस उतरणार होता का? लढाई खाली चालली होती आणि हरायची वेळ वर आली होती.

एके दिवशी जेवताना म्खिझेने पिल्लाकडे बोट केलं. आता त्याला पिल्लू म्हणण्यात अर्थ नव्हता, चांगलं दांडगं झालं होतं. "नाव," तो म्हणाला.

"बांधूनठेवा. विसरलात की काय?"

"नको." त्याने मान हलवली. "माझं. नाव. मी."

त्याला कुत्र्याचं नाव स्वतः ठेवायचं होतं. घरच्या कर्त्या पुरुषाचा तो हक्क. माशोझीने विचारलं, "काय ठेवायचंय?" त्याला सांगता येईना. मग त्याने ते तोडून तोडून म्हणायला सुरुवात केली. से. न्गि. बु. तिथेच अडलं. दुसऱ्या दिवशी परत. से-न्गि-बु-यि. दवाखान्यातली मुलगी महिनोन् महिने त्याला 'आ, ई, ऊ' म्हणायला लावत होती आणि तो तोंड फिरवायचा. आता भिंतीकडे तोंड करून सकाळपासून तेच. मध्येच शिवी यायची, तेवढी खणखणीत. माशोझी स्वयंपाकघरात मका ढवळत उभी राहायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची, कारण तिच्या तोंडाशी तो शब्द पूर्ण तयार असायचा आणि तो त्याच्याऐवजी म्हणून टाकावा असं तिला फार वाटायचं. ती बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट तिने दुसऱ्यावर सोपवली.

मग एका सकाळी बूट पुढे न ठेवताच तो म्हणाला, "बूट."

जिना उतरायला पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. पाय खरोखरच आखडले होते. तिसऱ्या पायरीवर तो थांबला तेव्हा तिला वाटलं, परत फिरेल. तो श्वास घेत होता फक्त. खाली आल्यावर त्याने वॉकर धरला आणि फाटकातून आत गेला. माशोझी एका हाताने कुत्र्याची दोरी धरून मागे. हिरवळीवर सगळे होते.

ड्यूक आधीच सुटलेला होता. त्याने मान वर केली, वॉकर पाहिला, आणि निघाला. वाटेवरून, सरळ, तसाच. म्खिझे थांबला. वॉकरच्या दांड्या त्याने आवळून धरल्या. पण मागे सरला नाही. माशोझीने दोरी टाकली आणि पुढे झाली, पण तिच्या आधी झोंडी पोचला. हातातले बाकीचे पट्टे बाकाला अडकवून तो धावला होता. त्याने ड्यूकचा गळपट्टा दोन्ही हातांनी पकडला आणि पाय रोवून उभा राहिला.

"झोंडी, सोड त्याला," क्राउदर लांबून म्हणाले. "काही करत नाही तो."

झोंडीने सोडलं नाही.

"अरे, मी सांगतोय ना. सोड."

"नाही," झोंडी म्हणाला. या मालकाने इतरांच्या कानावर घातलं तर बाकीचे बंगलेही जाणार, हे त्याला माहीत होतं. त्याने म्खिझेकडे पाहिलं आणि म्खिझेंच्या कुळाच्या मानाच्या नावाने हाक दिली, वडीलधाऱ्याला देतात तशी. "या, खाबाझेला. चाला तुम्ही."

म्खिझे चालला नाही. त्याला आधी दुसरं काम होतं. त्याने वॉकर वाटेच्या मधोमध नीट टेकवला, तोंड उघडलं आणि आपल्या कुत्र्याला पहिली हाक मारली. "से," तो म्हणाला. "सेन्गि." गळ्याच्या शिरा ताठल्या. "सेन्गिबु... यिले." आणि मग एका दमात, मोठ्याने, "सेन्गिबुयिले!"

झोंडीने मान खाली घातली. एक हात गळपट्ट्यावर तसाच ठेवून दुसऱ्या हाताने त्याने डोक्यावरची टोपी काढली.

क्राउदर हातात रिकामा पट्टा घेऊन जवळ आले. माशोझीला म्हणाले, "हे आता काय? याचा अर्थ काय?"

"नाव माझं नाही," ती म्हणाली. "ज्याने ठेवलं त्याला विचारा."

क्राउदर म्खिझेकडे वळले. म्खिझे त्यांच्यापेक्षा हातभर उंच होता, हे वॉकरवर वाकलेला असताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता तो सरळ उभा राहिला. बोलायला त्याला फार वेळ लागला. क्राउदरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा कुत्रेवाल्यांकडे, पण त्याचं बोलणं सुरू होतं आणि अर्ध्यावर सोडून जायची सोय नव्हती. उभं राहावं लागलं.

"मी," म्खिझे इंग्रजीत म्हणाला, "परत... आलोय."

क्राउदरांनी मान डोलावली आणि तोंड उघडलं. म्खिझेने चांगला हात वर करून त्यांना थांबवलं. त्याचं अजून संपलं नव्हतं.

"आता," तो म्हणाला, "बांध."

क्राउदर खाली वाकले. गुडघा कटकन वाजला. झोंडीने गळपट्टा धरून ठेवला होता, त्यात त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टा अडकवला. म्खिझेने तो नीट अडकलाय का ते पाहिलं आणि मग वॉकर पुढे सरकवला.